दोन सीटच्या लाल गाडीचा वारस

मी, अण्णासाहेब तातेराव शेजुळ, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार घनसावंगी, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र माझ्याच ओसरीत बसून, कोणाच्या धाकाला न भिता आणि कोणाच्या गोड बोलण्याला न भुलता स्वहस्ते लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो वाचून माझी पत्नी सौ. कौसल्या म्हणाली, "गाडी घेतली त्या दिवशी काढायचा होता हा दाखला." वकील हरिओम यांनी हे वाक्य गाळायला सांगितले आहे. मी गाळत नाही. हरिओम माझा विद्यार्थी, वर्गात त्याला साधा माठ काढता येत नव्हता.

कलम पहिले. शेताची वाटणी मागेच झाली आहे. मुलगा प्रितम आणि मुलगी तृप्ती यांच्या नावाने सातबारे झाले, त्याबद्दल आता कोणी तोंड उघडू नये. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि घरातले भांड्याकुंड्यांसकट सगळे सामान कौसल्याचे. तिने ते ठेवावे, विकावे, वाटावे, तिची मर्जी. जालन्याला अंबड रोडवर तिचा एक आवडता प्लॉट होता. तो विकून मी गाडी आणली. आज तिथं मोठा दवाखाना झालाय. जालन्याला गेलो की ती त्या दवाखान्याकडं नुसती बघते, बोलत काहीच नाही. बोलली असती तर मी भांडलो तरी असतो.

कलम दुसरे. माझी मोटार. लाल रंग, दोन दारे, दोनच सीटा, वर कापडी टप, पुढे लांब नाक. आत बसले की बूड रस्त्याला टेकते की काय असे वाटते. जालन्याच्या एका बियाण्याच्या व्यापाऱ्याने ती हौसेने परदेशातून आणवली होती. त्याची हौस फिटली आणि माझी सुरू झाली. तिच्यापायी मी आयुष्यभर हसू करून घेतले. पण एक सांगतो, ती कधी मोठ्या दुखण्याने आडवी पडली नाही. तिची सगळी दुखणी किरकोळ, फक्त चारचौघांत उठणारी.

जो कोणी तिचा मालक होईल त्याच्यासाठी ती दुखणी इथे नोंदवतो. पेट्रोलचा काटा खोटारडा आहे. त्याच्यावर विश्वास ठेवून मी राजूरला अंगारकीच्या गर्दीत, देवळाच्या रस्त्यावर मधोमध उभा राहिलो होतो. मेकॅनिक बोलावला, त्याने कार्बोरेटर खोलून रस्त्यावर मांडला. मागे भाविकांची रांग, पुढे भाविकांची रांग, मध्ये मी. मंग एका फुलवालीने विचारले, "गुरुजी, पेट्रोल हाय का बघितलं का?" तेव्हापासून डिक्कीत वेताची छडी ठेवली आहे. ती टाकीत घालायची, ओली कुठवर झाली ते बघायचे. काट्याकडे बघायचे नाही.

डावीकडचे दार आतून उघडत नाही. काच खाली करून हात बाहेर काढायचा आणि बाहेरची मूठ ओढायची. पाहुण्याला हे आधीच सांगावे. आमच्या शिक्षणाधिकाऱ्यांना मी सांगायला विसरलो होतो. ते खिडकीतून निघाले.

मुख्य दुखणे पंपाचे. चावी फिरवली की मागून टिकटिक असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर पंप अडकला आहे. उजव्या मागच्या चाकाजवळ, गाडीच्या खाली तो डबा आहे, त्याला चपलेने दोन ठोके द्यायचे. पान्याने नाही, पान्याने पत्रा चेपतो. लोक म्हणतात, "गुरुजी गाडीला चपलेनं हाणून राह्यले." म्हणू द्यावे.

कलम तिसरे. टो करायचा नायलॉनचा जाड दोर माझा चुलतभाऊ कल्याण यास. कारण लिहिणे भाग आहे. गाडीचा हॉर्न कधीकधी अडकतो आणि थांबत नाही. इलाज सोपा, डॅशबोर्डखालची पिवळी वायर ओढायची. परंतु कल्याणच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या दहाव्याला गोदाकाठी गाडी लावताना तो अडकला, तेव्हा मला वायर सापडेना. पिंडाकडे आलेले कावळे उठून पार पलीकडच्या काठाला गेले. माझा हॉर्न बंद झाला तरी परत येईनात. मंडळी हात जोडून उभी. कोणी म्हणाले, काकांची इच्छा राहिली. कल्याण घाबरला आणि सगळ्या भावकीसमोर मोठ्याने बोलून गेला, "बापू, बेबीनंदाताईचा रानातला हिस्सा मी देतो!" तेवढ्यात एक कावळा आला आणि शिवला.

बहिणीचा दाबून ठेवलेला हिस्सा द्यावा लागला. बेबीनंदा मला अजून राखी पाठवते आणि कल्याण तोंड फिरवतो. पुढे एका बाजाराच्या दिवशी त्याने माझी बंद गाडी ट्रॅक्टरला बांधली आणि टेप मोठा लावून अख्ख्या बाजारातून मिरवत घरी आणली. तोच हा दोर. त्याला तो द्यावा आणि माझा राम राम सांगावा. कावळ्यांबद्दल मला काडीचाही पस्तावा नाही.

कलम चौथे. मोटार, तिची हत्यारांची पेटी, वेताची छडी आणि दोन्ही चाव्या मी माझा मुलगा चि. प्रितम यास देत आहे. या कागदाने प्रितमला एवढी एकच वस्तू मिळते.

प्रितम पुण्याला असतो. त्याच्याकडे पांढरी मोठी गाडी आहे, ती कधी बंद पडत नाही आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखेही काही नाही. लोक म्हणतील, पोराला कशाला लोढणं? त्यांनी त्याच्या लग्नाची गोष्ट ऐकावी.

लग्न मे महिन्यातले, आष्टीला. नवरदेव लग्नाआधी वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला निघतो, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. घोडा नको, आपल्या गाडीतून काढू, हा हट्ट माझा. धावणारी गाडी बँडच्या मागे मुंगीच्या चालीने चालवली की काय होते, हे मला कळायला पाहिजे होते. इंजिन तापले, काटा लालमध्ये. त्याला एकच इलाज, हीटर पूर्ण उघडायचा, म्हणजे इंजिनची धग आत येते आणि इंजिन वाचते. मी उघडला. मे महिन्याचे ऊन, अंगात शेरवानी, डोक्याला फेटा, कपाळाला बाशिंग, आणि पायावर हीटर.

"अण्णा, बंद करा, भाजून राह्यलं!"

"बंद केला तर गाडी बंद पडते."

"मंग पडू द्या ना!"

पडलीच. मारुतीच्या देवळासमोर, बरोबर. टिकटिक गेली. बँडवाले मागे वळून बघायला लागले. माझ्या पायात बूट होते लेसचे, ते सुटेनात. तेव्हा प्रितमने पायातली नवी मोजडी काढून माझ्या हातात दिली. मी खाली पडून ठोके दिले. मोजडीची टाच निघाली आणि गाडी सुरू झाली. लोकांनी टाळ्या पिटल्या. पुढे मांडवात करवल्यांनी नवरदेवाची पायताणं पळवली आणि एका मोजडीची टाच नाही पाहून आपणहून परत आणून दिली. असे कोणाच्या लग्नात झाल्याचे मी ऐकलेले नाही.

त्याच दिवशी तो नवरी घेऊन याच गाडीतून घरी निघाला. दोनच सीटा, म्हणून मी मागे वऱ्हाडाच्या टेम्पोत. वाटेत त्याचा फोन आला, "अण्णा, टिकटिक येईना." मी फोनवरून सांगत गेलो, तो करत गेला. तेव्हा मला कळले की हा शिकला. मला त्या टेम्पोत इतका आनंद झाला की मी शेजारच्या वऱ्हाड्याला मिठी मारली.

कलम पाचवे. आता माझ्या हाताबद्दल. गेल्या वर्षापासून माझा उजवा हात कापतो. डॉक्टरांनी आजाराचे इंग्रजी नाव सांगितले, गोळ्या दिल्या, हात कापतोच; हे लिहितानाही डाव्या हाताने मनगट धरून ठेवले आहे. दिवाळीच्या आधी मी घनसावंगीच्या बस स्टँडसमोर बंद पडलो. बॅटरीची वायर ढिली झाली होती, बस. वायर बसवायची, वरून दाबायची, झाले. लहान लेकराचे काम. मला ते जमेना. वायर त्या टोकापाशी न्यायचो आणि हात दुसरीकडेच जायचा. जीपवाले बघत होते. आधी हसले, मग हसायचे थांबले. ते थांबले तेव्हा मला फार वाईट वाटले. शेवटी माझा जुना सहकारी राजानंद साळवे शाळेकडून येत होता, त्याने वायर दाबली. मी त्याला रागाने म्हणालो, "मला येत होतं." तो म्हणाला, "माहीत हाय, गुरुजी."

इलाज सगळे माहीत आहेत आणि एकही करता येत नाही, अशी माझी गत आहे. म्हणून हे मृत्युपत्र. घरादारासाठी नाही.

कलम सहावे. मी पुढील अटी लिहिल्या होत्या: प्रितमने गाडी विकू नये, महिन्यातून एकदा तरी चालवावी, पावसाळ्यात टपाखाली कडुनिंबाचा पाला ठेवावा. हरिओम म्हणतो, "गुरुजी, ह्या अटी कोर्टात टिकत न्हाईत. गाडी देता येती, चालवायला लावता येत न्हाई." मी म्हणालो, असा कसा कायदा? तो म्हणाला, असाच आहे. कौसल्या म्हणाली, "जित्तेपणी कोणी ऐकलं न्हाई तुमचं, मेल्यावर ऐकतेत व्हय?" म्हणून अटी काढल्या. पाल्याचे तेवढे लक्षात ठेवावे, उंदीर कापड खातात.

कलम सातवे. साक्षीदार दोन लागतात. पहिला राजानंद. दुसरे बँकेतले एक ओळखीचे कॅशियर, ते अजून आलेले नाहीत. हरिओमचे म्हणणे, ज्याला या कागदातून काही मिळणार आहे त्याने साक्ष करू नये, पुढे वांधे होतात. साक्षीदार कोरा पाहिजे. म्हणून वाट बघत बसलो आहोत. प्रितम पुण्याहून आला आहे, झोपाळ्यावर बसून आहे.

कलम आठवे. हे कलम ऐनवेळी लिहीत आहे, कारण हरिओम म्हणतो वरचे खोडू नका, नवीन लिहा.

प्रितम झोपाळ्यावरून उठला आणि म्हणाला, "दुसरी साक्ष मी करतो."

हरिओमला वाटले, त्याला नीट कळले नाही. तो म्हणाला, "अरे, तुझ्या नावानं गाडी हाय. तू सही केली तर ती तुला मिळणं अवघड हाय..."

"म्हणूनच करतो."

मी विचारले, "लाज वाटते का गाडीची? लग्नातलं मनात ठेवलं का?"

"न्हाई अण्णा."

"मग काय, चालवता येत नाही? तुला सगळं येतं."

"सगळं येतं. पंप येतो, हॉर्न येतो, छडी येते. तरी दर वेळेस बंद पडली की मी तुम्हाला फोन लावायचो. येत असून लावायचो. तुम्ही गेल्यावर ती कुठं बंद पडल अन मी रस्त्यात उभा राहीन, तर मी फोन कोणाला लावू?"

मी चाळीस मुलांच्या वर्गाला छत्तीस वर्षे उत्तरे दिली. याला म्हणालो, राजानंदकाकांना लाव. ते किती फालतू होते ते म्हणतानाच कळले. राजानंद खाली बघत होता. कौसल्या पदराने डोळे पुसत आत गेली आणि आतून भांडी आपटल्याचा आवाज यायला लागला.

मी रागावून बघितले. मी बाप आहे, हे बोलून बघितले. नंतर नुसतेच "बाळा" म्हणून बघितले. तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही हायेत तोवर रोज येऊन ढकलतो. पण नावावर नका करू." पुण्याहून रोज कसा येणार हे मी विचारले नाही.

सबब, कलम चौथे रद्द. मोटारीचे पुढे काय करावे हे मला सुचत नाही. हरिओम म्हणतो, काहीतरी लिहा, मोकळे सोडू नका. मी मोकळे सोडत आहे. बाकी कलमे कायम. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही आणि आता दुसरे करण्याची ताकदही नाही.

स्थळ: घनसावंगी, जिल्हा जालना
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

लिहून देणार:
(सही) अण्णासाहेब तातेराव शेजुळ

साक्षीदार:

१. (सही) राजानंद साळवे, निवृत्त शिक्षक, घनसावंगी. गुरुजींनी माझ्यासमोर, शुद्धीत सही केली.

२. (सही) प्रितम अण्णासाहेब शेजुळ, पुणे. वडिलांनी माझ्यासमोर सही केली. सही करताना त्यांचा हात फार कापत होता. मी धरायला गेलो तर वकिलांनी धरू दिला नाही, म्हणाले सही त्यांची स्वतःची पाहिजे. सही त्यांची स्वतःची आहे.