उजव्या हाताची पाळी

कन्हेरी, ३ नोव्हेंबर १९५५
बारामतीहून बैलगाडीनं आलो. कालवा झुळझुळत होता, उसाला तुरे फुटले होते. म्हातारपणीही मी गाडीत बसून दुसरीच्या पुस्तकातल्या कविता मोठ्यानं म्हणत आलो! पायांना नि डाव्या हाताला बारा वर्षांचं इसब. गंधकाचं मलम, डांबराचं मलम, लिंबाचा पाला, सगळं करून झालं. इथल्या झाडपाल्याचं औषध देणाऱ्या म्हस्कूचा लेप पंचक्रोशीत नावाजलेला. त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "वळखलं न्हाय व्हय, गुरुजी? मी तुमच्या शाळंतला." ऊर भरून आला.

५ नोव्हेंबर
करंजाचं तेल, लोणी, वर फडकं. खाज थांबली! बारा वर्षांनी तान्ह्या मुलासारखा झोपलो. लेप लावताना म्हस्कू शाळेच्या आठवणी काढायला लावतो. मला तरी दुसरं काय हवं?

७ नोव्हेंबर
आज त्याला एक गंमत सांगितली. वर्गात एक खरजुला पोरगा होता. त्याला मी बाहेर गोणपाटावर बसवायचो. खाजवलं की छडी. त्याच्यावर गाणं रचलं होतं, सारा वर्ग ताल धरून म्हणे:
खाजव खाजव खरज्या रे,
गोणपाटावर बस जा रे!
बरा होऊन ये, मग आत बस, असं बजावलं; तो परत आलाच नाही.
म्हस्कू हसला नाही. तो पोरगा म्हणजे त्याचाच धाकटा भाऊ, म्हणाला. लवकर वर्गात बसता यावं म्हणून आईनं पोराच्या अंगभर बिब्बा चोळला. कातडं जळालं. नवव्या दिवशी गेला.
मग हळूच विचारलं, "नाव काय हुतं त्याचं, गुरुजी?"
मला आठवेना.
"आठवंल. लेप चालू हाय की."

८ नोव्हेंबर
लेपाला बिब्ब्याचा वास. ओरडलो. त्याच्या भावकीतल्या दोघांनी धरून ठेवलं. उजवा हात तेवढा लेपाविना सोडलाय, त्या पोराचं नाव लिहायला. खरं नाव लिहिलं की गाडी जुंपतो म्हणाला.

११ नोव्हेंबर
फडकं सोडायला गेलो. कातडं फडक्याबरोबर आलं.
म्हस्कूची बायको छबूबाई उंबऱ्याबाहेरूनच भाकरी सरकवते. म्हणाली, "आबा, कायबी लिवा, पर लिवा."
भिमा लिहिलं. रावजी. दत्तोबा. म्हस्कूनं वाचून कागद चुरगाळले.

१४ नोव्हेंबर
बाहेर गोणपाटावर बसवलंय. भोवती वस्तीवरची पोरं. तेच गाणं. चाल अगदी बरोबर — माझीच —

१६ नोव्हेंबर
कविता सगळ्या आठवतात. एकूण एक. नाव —
म्हस्कू वाटी घेऊन येतोय. आता उजव्या हाताची पाळी म्हणतो.
हजेरी घेताना — हजेरीतही मी खरज्याच म्हणायचो, पोरं हसायची — पटावर नाव होतं, रोज समोर होतं, पण मी ते कधी एकदाही