अकरा रत्तल

४ नोव्हेंबर १९३३, महाड

हसन मिस्त्री दासगावहून आला. सावित्रीवर होड्या बांधणारा माणूस. मी जमिनीवर खडूनं विमान काढून दाखवलं, तर बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. म्हणाला, "मास्तर, ह्या तारवाला पोट हाय, पन बूड नाय." बूड कशाला हवंय? हे काय पाण्यात सोडायचंय?
हात मात्र असा की शिवणीच्या लाकडाची पट्टी ओली करून नुसत्या बोटांनी वाकवतो. मुंबईच्या मोटार कारखान्यात नऊ वर्षं काढली, असा हात पाहिला नाही. त्याला हे सांगितलं नाही. सांगितलं की डोक्यावर बसतात.

१२ नोव्हेंबर

परसातल्या मांडवात सांगाडा उभा. फटफटीचं इंजिन साफ करून बसवलं.
ही पंखांचं कापड शिवते आहे. मांजरपाट. टाका लांब पडला, सगळी ओळ उसवायला लावली. मग परत एकदा लावली. दुसऱ्यांदा डोळे भरून आले. म्हटलं, रडायचं तर कापडावर नको, डाग पडतो.

१९ नोव्हेंबर

आकडेमोड पुरी. विमानात बसणारा पंच्याण्णव रत्तलांच्या वर चालणार नाही. मी एकशे एकतीस. झालं! सगळा घाट माझा, आणि मीच जड.
हिला वखारीत नेलं. तांदळाच्या पोत्यांचा मोठा काटा. पारड्यात पाय पोटाशी घेऊन, पदर तोंडावर ओढून बसली. गणू मापाडी ओरडला, "पंच्याण्णव!" पोत्यावर बसलेले सगळे हसले. मी नाही हसलो. अगदी मापात! देवानं जणू याच कामाला दिली.
वाटेत सांगितलं, तू बसायचं. म्हणाली, "मी? मला हिरीत वाकाया भ्या वाटतं." म्हटलं, खाली बघायचं नाही, समोर बघायचं.
गणूची जीभ फार चालते. भर वखारीत म्हणाला, मास्तरांचं इमान कवा, म्हातारपणी? मी पण बोलून गेलो. शिमग्याच्या आत उडालं नाही तर माझं सोंग काढा, गावभर नाचवा. आता मागं सरता येत नाही.

२७ नोव्हेंबर

चटणी जाडीभरडी. दाताखाली खडा यावा तसं खोबरं. पाट्यावर वाटली नाहीस? "वरवंटा दिला एका कामाला." कुणाला, कशाला, ते सांगायला लागली. मी ताट सरकवलं. जेवताना कहाण्या नकोत. आठ दिवस उखळात कुटते आहे म्हणे. कुटू दे.

२ डिसेंबर

मिस्त्रीचं काम संपलं. जाताना परत तेच पुराण. होडीच्या तळाला दगड घालतात, त्याला ही माणसं निरम म्हणतात. "निरम नाय तर तारू कलंडतं, मास्तर. वैनी बसनार हायेत त्यात." मी म्हटलं, दगड घालून कधी काही उडालंय का रे, गाढवा? तुझं काम लाकडाचं, अक्कल माझी.  तो टोपी डोक्यावर घालून निघाला. ही दारापर्यंत गेली, त्याच्याशी हळू काही बोलली. मी हाक मारली तशी आत आली.

१५ डिसेंबर

पंखांना चिंचोक्याची खळ देऊन वाळवले. टिचकी मारली तर ताशासारखे वाजतात.
विमान सुटं करून वखारीत नेलं, तुकड्यातुकड्यानं तोललं. पोटाचा तुकडा चौघांनी धरला. घरी येऊन बेरीज तीनदा केली. अकरा रत्तल जास्त! सांगाडा मी मापून घेतलेला, इंजिन मापून घेतलेलं. मग राहिलं काय? खळ. ती हिनं शिजवली. चिंचोके मोजून घाल म्हणालो होतो. घातले असतील ओंजळीनं.
खळ आता खरवडता येणार नाही, कापड फाटेल. मग जिनं चढवले तिनंच उतरवायचे. चौऱ्याऐंशीवर आली की झालं.
हिला आकडा सांगितला नाही. बायकांना आकडे सांगितले की त्या प्रश्न विचारतात. एवढंच म्हणालो, तू जड आहेस.
"कशापरीस?"
विमानापरीस, म्हटलं. उद्यापासून सकाळी पेज, संध्याकाळी पेज. भात बंद.

२८ डिसेंबर

ब्याण्णव. गणूला बजावून ठेवलंय, चौऱ्याऐंशी झाले की सांग.
सोमवार, चतुर्थी, एकादशी हिचे होतेच. त्यात गुरुवार आणि शनिवार घातले. साबुदाणा नाही, रताळं नाही, नुसतं पाणी. शेजारच्या काकू म्हणतात, "काय ग बाई भक्ती तुझी! नवऱ्याच्या इमानासाठी एवढं करतेस!" ही हसली. काकूंनी प्रसादाचा लाडू दिला होता, तो मी काढून घेतला. खाल्ला मीच. टाकायचा कसा?

९ जानेवारी १९३४

नव्वदवर अडकली. बारा दिवसांत दोनच! चोरून खाते असं वाटून भाताचं मडकं तपासलं, तांदळात बोटानं खूण करून ठेवली. खूण मोडली नाही. उलट माझाच भात वाढताना तिची मान दुसरीकडे.
म्हटलं घाम काढला पाहिजे. बैलगाडी सांगून सव गावी नेली, गरम पाण्याच्या कुंडावर. लोक तिथं अंग दुखतं म्हणून जातात. हिला मानेपर्यंत बसवली आणि काठावर घड्याळ घेऊन बसलो. पाऊण तासानं म्हणाली, "अंधारी येतीया." आणखी पाच मिनिटं, म्हटलं. वर काढली तेव्हा पाय टेकत नव्हते. गाडीवान माझ्याकडे बघत होता. बघ बाबा. तुला काय कळणार.

२२ जानेवारी

अठ्ठ्याऐंशी. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. म्हटलं, तोलताना काढून ठेव, तेवढंच कमी. इतके दिवस हूं की चूं केलं नाही, आज एकदम ताठ झाली. "तेवढं मागू नका. नवरा जित्ता हाय माझा." बरं, राहू देत.
धुण्याच्या दगडाशी पडली. कपाळाला खोक. हळद दाबून तशीच परत धुवायला बसली. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण वाईट वाटून शिमगा पुढं ढकलता येत नाही.
गणूच्या पोरांनी कागदाचं विमान करून वखारीच्या दारावर टांगलंय. खाली माझ्यासारख्या मिशा लावलेला भोपळा.

४ फेब्रुवारी

पोलादपूर रस्त्याकडच्या माळावर विमान नेलं. नुसतं जमिनीवर पळवून बघायचं होतं. मीच बसलो, उडायचं नाही म्हणून. इंजिन झकास! पण खड्ड्यातून जाताना बुडाखाली ठक ठक.
पोटाचं कापड चाकूनं फाडलं. आत काथ्यानं घट्ट बांधलेलं काहीतरी. सोडवलं तर वरवंटा. आमचा. टोकाला टवका उडालेला, मीच दिवाळीत आपटला होता तो.
तसाच वखारीत नेला. अकरा रत्तल. एक गुंजही कमी-जास्त नाही.

५ फेब्रुवारी

विचार करून डोकं उठलं. हिनंच घातला. उडायला नको म्हणून. भित्री ती भित्रीच, वर लबाड! दीड महिना माझ्यासमोर उपाशी राहिली, पण तोंड उघडलं नाही.
विचारणार नाही. विचारलं तर रडून गाव गोळा करेल. वरवंटा फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवला. आज ही शहाऐंशी आहे. आता खरं म्हणजे पंच्याण्णवलाही चाललं असतं. पण नऊ रत्तल वाचतात, तेवढं पेट्रोल जास्त घालता येईल. पेज चालू राहू दे. केल्याचं फळ म्हणून तरी.

११ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. 
हसन मिस्त्री न बोलावता आला. तारू पाण्यात सोडायच्या आधी बांधणारा एकदा हात फिरवतो, तशी रीत. मांडवात ही पंखावरची धूळ पुसत होती. मिस्त्रीनं हिच्याकडे बघितलं आणि दचकला. "वैनी, ताप हुता काय?" मग वाकून पोटाखाली हात घातला. चाचपला. परत चाचपला.
"निरम कुठाय?"
मी म्हटलं, कसलं निरम?
"मीच बांदलेलं. आमच्या घरात रीत हाय मास्तर, निरमाचा पैला दगड मालकाच्या घरचा, घरधनिनीच्या हातचा. तुमी ऐकंनात, म्हनून वैनीकडं मागितला. त्यांनी वरवंटा दिला. म्हटलं, कलंडू नये बिचाऱ्या."
ही म्हणाली, "मी सांगत हुते. तुमी ताट सरकवलंत."
मग तिनं मिस्त्रीला विचारलं, "केवढा भरला हुता?"
"अकरा रत्तल. वखारीत तोलूनच बांदला."
ही माझ्याकडे वळली. गणू दर वेळी आकडा ओरडायचा. चौऱ्याऐंशी झाले की सांग, हे मी त्याला हिच्या देखतच सांगत होतो. पंच्याण्णवातून चौऱ्याऐंशी. बोटं दुमडत मोजलं तिनं, दोन्ही हातांची बोटं संपली, एक उरलं.
"तुमाला कवा घावला?"
मी पंखाचा टाका बघायला लागलो.
"कवा?"
रविवारी, म्हटलं.
"रविवारपास्नं आज आठवडा. काल शनवार हुता. पान्यावर ऱ्हायले मी काल."
माझी नजर हत्यारांच्या पेटीकडे गेली, ती तिनं बघितली. ही पेटीकडे गेली, तळापर्यंत हात घालून वरवंटा काढला, पदरात घेतला. उचलताना वाकली, पण घेतला. घरात गेली. मिस्त्री मला म्हणाला, "मास्तर, मी गाढव हाय ते बरं हाय." आणि गेला.
वाटण्याचा आवाज आला. पाट्यावर, बरोबर.

१२ फेब्रुवारी

काल पुढचं राहिलं. भात केला, पातेलंभर. चटणी वाटली. माझं पान मांडलं नाही. स्वतः बसली, माझ्या पाटावर, आणि माझ्यासमोर जेवली. सोळा वर्षांत माझ्याआधी घास घेतला नव्हता. सावकाश खाल्लं, मधे थांबत, पोट दुखत असावं. मी उभा. ओरडायला पाहिजे होतं. 
पातेलं रिकामं झाल्यावर म्हणाली, "मी बसनार नाय इमानात."
मग कोण बसणार?
"तुमी. पंच्याण्णववर या."

१३ फेब्रुवारी

सकाळी पेज. अर्धी वाटी. दुसरी मागितली. "गुरुवारचा उपास बी हाय तुमाला, शनवारचा बी."
बाजारात खाणावळीत गेलो. पाट घेतला, तर मालक म्हणतो, "मास्तर, तुमी तर उतरवताय म्हनं!" हिनं काकूंना सांगितलं असणार, काकूंनी वखारीत. वखारीत सांगितलं की महाड, दासगाव, पाचाड, सगळीकडे झालंच. सगळी खाणावळ माझ्या ताटाकडे बघत होती. पाणी पिऊन उठलो.

१७ फेब्रुवारी

काट्यावर गेलो. एकटाच. पाय पोटाशी घ्यावे लागतात, नाहीतर पारडं फिरतं. हे आधी माहीत नव्हतं. "एकशे अठ्ठावीस!" गणू जरा जास्तच मोठ्यानं ओरडला.
शिमग्याला बारा दिवस. हिच्या गालांवर थोडं रक्त दिसतंय.  वाढते, माप घेऊन वाढते. पळी सपाट करून.

२० फेब्रुवारी

चक्कर. इंजिनाला धरून उभा राहिलो. हातात पाना होता तो पायावर पडला.
एक गोष्ट लिहून ठेवतो. इतर कुणाला सांगणार नाही. वजन पंच्याण्णव असतं तरी मी बसलो नसतो. एकोणीस नोव्हेंबरला आकडा निघाला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. "झालं!" म्हणून चडफडलो ते खोटं. माळावर चाकं नुसती जमिनीवर पळत होती, तरी मी डोळे मिटून घेतले होते. आता सबबीचं वजन रोज थोडं उतरतंय, आणि उतरवते आहे ही.

२४ फेब्रुवारी

एकशे पंचवीस. पोरांनी सोंगाची तयारी पुरी केली. या खेपेला भोपळ्याला बांगड्या घातल्यात.
हसन मिस्त्री सकाळी आला होता. माझ्याशी बोलला नाही. पोट उघडून वरवंट्याची जागा परत काथ्यानं नीट करून गेला. म्हटलं, हे कशाला आता? ही म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमी बसनार. कलंडू नये." वरवंटा मात्र अजून स्वयंपाकघरातच आहे. तो धरला तर मला आणखी अकरा उतरवायला हवेत, हे तिला कळलंय. 
जेवण झाल्यावर, म्हणजे तिचं झाल्यावर, बाहेर आली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. राग दिसला नाही. बैल बाजारात बघतात तसं बघितलं.
म्हणाली, "अडकलात नव्हं? चला, सवला जाऊ. घाम काडू. घड्याळ मी धरते."
बैलगाडी सांगून आलो. उद्या सकाळी निघायचं.