भिंतीवरचे साहेब बदलले तेव्हा

बाई, तुम्हाला मराठी येत नव्हती आणि तुम्ही जाऊनही आता बारा वर्षं झाली, तेव्हा हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्नच नाही. बिश्केकला आम्ही तुम्हाला तिथल्या रीतीने तुमचं नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारायचो, पण होस्टेलवर आम्हा मराठी पोरांच्या तोंडी तुम्ही नुसत्या 'बाई' होतात. शरीररचनाशास्त्राच्या विभागप्रमुख. आज लिहायला बसलो ते लेकीमुळे. मी इथे आयर्लंडमध्ये, ट्रली गावच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, आणि तिच्या शाळेत प्रत्येकाला एकेका देशाची माहिती गोळा करायची आहे. तिने बाबा शिकला तो देश घेतला, किर्गिझस्तान. मी पोळ्या लाटतो आहे आणि ती टेबलाशी बसून राष्ट्राध्यक्षांची यादी करते आहे. "बाबा, दे थ्रू आऊट थ्री ऑफ देम! डिड यू मीट एनी?"

"नाही गं. एका मंत्र्याला फुलं दिली होती. त्यावरून माझ्या बाईंना थोडा त्रास झाला."

"वॉज शी ओके?"

"शी वॉज ग्रँड," मी म्हणालो. इथे हा शब्द फार सोयीचा आहे, कशावरही झाकण घालता येतं.

तुमच्या टेबलामागे भिंतीला एक खिळा होता. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा त्यावर मॉस्कोचे साहेब होते. देश स्वतंत्र झाल्यावर पहिले अध्यक्ष आले, लोकांनी त्यांना पळवून लावल्यावर दुसरे. आम्ही आलो ते या दुसऱ्यांच्या काळात, आणि त्यांच्या तसबिरीभोवती आधीच्या मोठ्या फ्रेमचा डाग अजून दिसायचा. मी बावळटासारखं विचारलं, तुमचा पक्ष कुठला? तुम्ही कपाटातून मांडीचं हाड काढून माझ्या हातात दिलंत. "हे कुठल्या पक्षाचं ते सांग. तेवढं जमत नसेल तर निदान डावं की उजवं ते तरी सांग." तेही मी चुकलो. पण रविवारी जेवायला बोलावलंत. मी शाकाहारी, म्हणून भातातले मटणाचे तुकडे स्वतःच्या हाताने वेचून बाजूला काढलेत आणि ताट पुढे सरकवलंत. "घे, झाला शाकाहारी!" नागपूरला आईला कळलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं. मी तो भात मागून घेऊन खाल्ला, त्या रविवारी आणि नंतरच्या कितीतरी.

मग एक मंत्री कॉलेजात येणार असं ठरलं. परदेशी विद्यार्थ्यांतर्फे फुलं द्यायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत आणि बजावलंत, फुलं विषम आण, आमच्याकडे सम फुलं मयताला नेतात. फुलवालीने सात बांधून दिली. मला तो गुच्छ अगदीच किडकिडीत वाटला. पाहुण्याला द्यायचं आणि हात आखडता घ्यायचा, हे काही पटेना, म्हणून मी आणखी एक घालायला लावलं. मंत्र्याने हसत गुच्छ घेतला, नजरेनेच मोजला आणि त्याचा चेहरा पडला. कॉलेजच्या प्रमुखांच्या खोलीत मी उभा आहे आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "फुलं मी मोजायला हवी होती. पोराला काय कळतंय?" आठवड्याभरात तुमचं पद गेलं. तळघरात सांगाडे सांभाळायला बसवलं तुम्हाला. मला एवढंच म्हणालात, "सातापर्यंत मोजता येत नाही, बरगड्या कशा मोजशील?"

पुढच्या वसंतात लोक पुन्हा रस्त्यावर उतरले, गोळ्या चालल्या आणि तेही सरकार गेलं. खिळा काही दिवस रिकामाच होता. नव्या लोकांनी कॉलेजात समिती बसवली. जुन्यांनी आकसाने काढलेल्यांना परत घ्यायचं होतं. तुमच्या फायलीत लिहिलं होतं की बाईंनी मुद्दाम अपशकुन केला. माझं एक वाक्य पुरेसं होतं, की बाईंनी विषम सांगितली होती, आठवं फूल माझं. समितीने विचारलं. मी म्हणालो, "आठवत नाही." तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात. मी बाहेर आलो, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि तुम्हाला सगळं कळलं. "जेवलास का?" म्हणालात. निवृत्त झालात तेव्हाही तुम्ही तळघरातच होतात. बाई, तो प्रश्न मला अजून सहन होत नाही.

लग्नानंतर बायकोला हे सांगितलं तेव्हा म्हणालो, घाबरलो होतो गं, परका देश, त्यात गोळीबार, शिक्षण अर्धवट राहिलं असतं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. आईखालोखाल मी तुमच्यावर माया केली, म्हणून निदान तुमच्याशी तरी खरं बोलतो, आणि हा कागद लेकीच्या हाती लागणार नाही असा ठेवतो. मी घाबरलो नव्हतो. तुमच्या जागी आलेले सर तोंडी परीक्षेत सोपं विचारायचे, आणि तुम्ही परत आला असतात तर मी नापास झालो असतो.