बाबांच्या इंजिनाची शिट्टी

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी जिवंत आहे की लेथमध्ये अडकलोय, असं विचारलंयस. दोन्ही! बाबांचं इंजिन पुरं झालं. पूल कोसळला तेव्हा जे घेऊन ते नदीत गेले, तेच. फक्त माझ्या कुशीत मावेल एवढं. बॉयलरनं गळून गळून माझा अंत पाहिला. शेवटी तांब्याचे सगळे सांधे नव्यानं झाळले, तेव्हा कुठे थेंब थांबला.

काल दुपारी परसातल्या रुळांवर पहिल्यांदा पेटवलं. शिट्टीही दिली, बाबा घरावरून जाताना द्यायचे तशी: एक लांब, दोन आखूड. ताई, एवढ्याशा नळीतून खऱ्या इंजिनाचा सूर निघाला. तो निघूच शकत नाही. शेजाऱ्यांना विचारलं, तर त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं.

आईला पाटीवर लिहून सांग. खूश होईल.

लोभ आहेच, रागावणंही चालू असू दे.
तुझा धाकटा

१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आईला सांगावं लागलंच नाही. त्या दुपारी ती आडवी झाली होती, ती ताडकन उठली आणि अंघोळीचं पाणी तापत ठेवलं. कोणासाठी, असं लिहून विचारलं, तर म्हणाली, शिट्टी झाली, आता येतीलच, अंगभर कोळसा असेल. जिला दाराची कडी ऐकू येत नाही, ती हे म्हणते!

योगायोग म्हणून मी सोडून दिलं. पण काल पुन्हा तेच. काल पेटवलं होतंस का रे? हो म्हण, म्हणजे निदान काही अर्थ तरी लागेल.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माझा जीव तिथेच असतो.
ताई

२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हो म्हणता येत नाही. पेटवलं नव्हतं. पण शिट्टी झाली. मी कांदा चिरत होतो, तसाच सुरी घेऊन धावलो. इंजिन टेबलावर, बॉयलर कोरडा, हाताला थंडगार. चाकांच्या आऱ्यांत मात्र ओला गाळ होता, नदीच्या तळाशी असतो तसा मऊ.

मी शिट्टी काढली आणि भोकात स्क्रू पिळून बसवला. आता आईला त्रास होणार नाही.

मला भित्रा म्हण, पण माया पातळ करू नकोस.
धाकटा

२८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मीही तेच कर म्हणाले असते. पण तू शिट्टी काढलीस तेव्हापासून आई पिशवी भरून दारात बसली आहे. म्हणते, गाडी सिग्नलपाशी उभी आहे, शिट्टीशिवाय सुटणार कशी? अन्नाला शिवत नाही. डॉक्टरांनी तपासलं, त्यांना काही सापडलं नाही. काल माझा हात धरून म्हणाली, धाकट्याला सांग, त्यांना अडवू नकोस, त्यांनी फार वाट पाहिली.

मी खूप रडले. तिला धरून ठेवायचा मला हक्क आहे की नाही, तेच कळेना. मग डोळे पुसले आणि हे लिहायला बसले. शिट्टी परत लाव.

तुला एकट्याला हे करायला लावतेय, माफ कर.
ताई

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लावली. आज दुपारी पेटवलं. शिट्टीला मी हात लावला नाही. ती आपणहून झाली.

इंजिन दोन फेऱ्या हलकं फिरलं. मग पेरूच्या झाडाशी, जिथे मी थांबा केलेलाच नाही, तिथे हळू होऊन थांबलं. वाफ सोडणारी दांडी उघडीच होती, म्हणजे ते थांबायलाच नको होतं. कोणी सावकाश चढावं एवढा वेळ ते उभं राहिलं आणि निघालं. या वेळी भकभक जड होती, ताई. मागे एकही डबा नव्हता, तरी ओझं ओढताना टाकाव्यात तशा ते धापा टाकत होतं. मी आयुष्यभर यंत्रं ऐकली आहेत, यात माझी चूक होणार नाही.

आई कशी आहे, ते उलट टपाली कळव. की नकोच कळवू. मीच रात्रीच्या आधी निघतो. हे पत्र माझ्यामागून येईल.

मला दारातच सांगू नकोस. आधी जवळ घे.
धाकटा