सीतेच्या वेणीला ऊन

१२ एप्रिल १९३१, रविवार
काल लिहिले ते दुरुस्त करते. मामंजींचे ऑर्किड, ज्याला ते सीतेची वेणी म्हणतात, 'घटकाभर' उन्हात नव्हते. अकरा ते चार होते. मीच फणसावरून उतरवून आमसुलांच्या शेजारी ठेवले. मुळे पांढरी दिसली, बुरशी वाटली. लोणच्याला, गाद्यांना दाखवतो तसे ऊन दाखवले. मग परत टांगले. कुणी पाहिले नाही. पाने गरम लागली होती. निवतील.

१३ एप्रिल
पानांवर फिकट डाग. चार. सांगणारच होते, पण मामंजींची एकादशी. उपाशी माणसाला त्रास नको.

१४ एप्रिल, दुपार
डाग तपकिरी, कागदासारखे कोरडे. सासूबाई म्हणाल्या, हे भाजल्याचे. कामाला येणाऱ्या राहीने भांडी घासून कढत पाणी भिरकावले असणार. मामंजी तीन वर्षे फुलाची वाट पाहत आहेत. त्यांनी मला विचारले, पाणी कुणी ओतले? मी म्हटले, ठाऊक नाही. हे खोटे नाही. पाणी कुणी ओतलेच नाही.

संध्याकाळी
सासूबाईंनी राहीला रविवारपासून येऊ नको म्हणून सांगितले. तिची दोन पोरे याच कामावर जेवतात. उद्या बोलते.

१५ एप्रिल
पाने नीट तपासली. डाग फक्त आभाळाकडच्या अंगाला. वरच्या पानाची सावली जिथे पडते तिथे हिरवेगार. कढत पाणी सावली पाहून थांबत नाही. डाग ओला नाही, वास नाही, कालपासून वाढलाही नाही. म्हणजे झाड जगेल. सगळे स्वच्छ अक्षरात कागदावर उतरवले, आकृती काढली. उन्हात कुणी ठेवले, तिथे नावापुरती जागा सोडली आहे.

१६ एप्रिल
कागद द्यायला निघाले आणि बाजूला बसावे लागले. आता रविवारच्या न्हाणापर्यंत मागची पडवी. मामंजींसमोर जाता येत नाही, माझ्या हातचा कागदही चालायचा नाही. एका अर्थी बरेच. वाक्ये पक्की होतील.

१८ एप्रिल
राहीने लांबून ताट सरकवले. म्हणाली, "वैनीनू, त्याला ऊन लागलाय. पान बगितला की कळता. तुमी सांगा, माजा कोन आयकनार?"
मी मान हलवली. हो की नाही, ते तिला कळले नसावे.
उद्यापासून ती येणार नाही. उद्या माझे न्हाण, धुणे, गडबड. घाईत सांगितलेले अर्धवट राहते. परवा मामंजींची पूजा आटोपली की सांगणार, नावासकट. सोमवार, २० एप्रिल.