कोट धरणारा हात

काय घडले ते आधी, क्रमाने:

१. गेल्या श्रावणात ऑफिसच्या बसने बेळ्ळंदूरला परतताना मला बसमधले सगळे प्रवासी ओळखीचे वाटले. त्यांतले कोणीही ओळखीचे नव्हते.
२. असे पुन्हा होत राहिले. दर वेळी क्षणभर, आणि दर वेळी सुखाचे.
३. तपासणीत उजव्या कानामागे, मेंदूच्या आवरणाला लागून गाठ निघाली. गाठ साधी आहे. जागा साधी नाही.
४. शस्त्रक्रिया ९ डिसेंबरला आहे. मी वाचेन, असे सर्जनना वाटते. माणसांचे चेहरे ओळखण्याची शक्ती वाचेल का, ते सांगता येत नाही, असे ते म्हणाले.
५. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, रूपश्री वेणुगोपाल वायचळ, वय एकतीस, नोकरी कॅमेऱ्यांच्या सेन्सरची चाचणी करण्याची, राहणार बेळ्ळंदूर, बेंगळुरू, हे स्वखुशीने लिहून ठेवते. मला कोणी भरीला घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. गाठ चेहऱ्यांच्या जागी आहे, विचारांच्या नाही. तसे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. याची अंमलबजावणी वकील जितेंद्र पिसे यांनी करावी.

कलम १. राहता फ्लॅट, बँकेतली शिल्लक आणि विम्याची रक्कम आई राजलक्ष्मी हिला मिळावी. तिने फ्लॅटमध्ये राहावे किंवा तो विकावा. याबाबत सत्यनारायणकाका सल्ला देतील. तो ऐकण्याचे बंधन तिच्यावर नाही.

कलम २. पत्र्याच्या डब्यातले घराण्याचे जुने फोटो, काचेच्या निगेटिव्ह आणि मी काढलेल्या त्यांच्या सर्व प्रती माझी चुलत बहीण अक्षरा सत्यनारायण वायचळ, राहणार इंदिरानगर, हिला द्याव्यात. तिच्या वडिलांना, म्हणजे सत्यनारायणकाकांना, देऊ नयेत. कारण लिहिण्याची कायद्याने गरज नाही, असे वकील म्हणाले. तरी लिहिते.

आमचे पणजोबा उमाजी चिकपेठेत शिंपी होते. त्यांची धाकटी मुलगी तुंगाबाई आजही आहे, ती जे. पी. नगरला काकांकडे राहते आणि आम्ही सगळे तिला तुंगक्का म्हणतो. उमाजी गेले तेव्हा ती अगदी लहान होती. उमाजींचा फोटो नव्हता. महालय अमावास्येला पितरांचे पान वाढताना आजोबा पाटावर त्यांची कात्री आणि अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटात घालायची पितळी टोपी, ठेवून त्यांनाच फुले वाहत.

आजोबा गेल्यावर काकांनी डबा उघडला. त्यात मखमली कॉलरचा कोट घालून खुर्चीत बसलेला एक रुबाबदार माणूस होता. उमाजींनी शिवलेल्या मखमली कॉलरच्या कोटाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. काकांनी कोट ओळखला आणि माणूस ठरवला. "फोटो असताना कात्रीला हार कशाला?" असे म्हणून त्यांनी तो चौकटीत बसवला. चौकट लहान पडली तेव्हा फोटोची डावी कड कापली. कड सरळ कापली आहे, एवढे मान्य.

डबा पुढे बाबांकडे राहिला, आणि बाबा गेल्यावर माझ्याकडे आला. सुट्टीच्या दिवशी दुपारी पडदे ओढून मी एकेक काच उजेडाच्या टेबलावर ठेवत असे. निगेटिव्हमध्ये चेहरे काळे असतात आणि केस पांढरे. खालून उजेड लागला की ती माणसे पाण्याच्या तळाशी बसल्यासारखी दिसतात. त्यांनी श्वास धरलेला असतो, आणि बघता बघता आपलाही थांबतो. बाहेर रिंग रोडचे भोंगे चालू असत, पण ते त्या पाण्याच्या वरून जात. एखादा चेहरा हळूहळू वर येई, बोलणार असे वाटे, आणि बोलत नसे. अशा कित्येक दुपारी मी चहा गार करून घालवल्या आहेत. गाठ तेव्हाही असेल. ते सुख तिचे होते की माझे, हे मी मोजू शकत नाही.

तोच कोट पुन्हा पुन्हा आला. कॉलरच्या एका टोकाला मखमलीची लव उलटी लागली आहे, त्यामुळे ते टोक प्रत्येक फोटोत जास्त गडद दिसते. म्हणजे कोट एकच. आतली माणसे निरनिराळी. एक पहिलवान, एक मिसरूड फुटलेला, एक आजाराने वाळलेला. पण कोट सगळ्यांना अगदी मापात. हे शक्य नाही.

मी काचा कापसात गुंडाळून जे. पी. नगरला नेल्या.

"अय्यो, हा कोट! दुकानातल्या पुतळ्यावरचा गं हा. नमुन्याचा," तुंगक्का म्हणाली.

"मग चौकटीतले पणजोबा नव्हेत?"

"कोट आमचाच की."

"माणूस, तुंगक्का. माणूस कोण?"

"कोण जाणे! शेजारी फोटो स्टुडिओ होता. लग्नाचा फोटो, नोकरीचा फोटो, जो येईल तो आधी आमच्याकडे कोट मागायचा. अप्पा द्यायचे. एखादी जास्तीची प्रत फोटोवाला कौतुकानं आणून द्यायचा. स्टुडिओ बंद करताना काचाही आमच्याकडेच ठेवून गेला."

"आणि इतकी वर्षं तू काकांना सांगितलं नाहीस?"

"मला कोण विचारलं? सत्यानं हार घातला, मी म्हटलं असतील. अप्पांचं तोंड मला आठवत नाही गं." मग तिने काच हातात घेतली. "सरी, बरं, मागून स्वल्प उजेड धर."

खुर्चीच्या मागे, कोटाच्या काठाशी, तीन बोटे दिसतात. मी तो काचेवरचा डाग समजत होते. तुंगक्काने त्यावर नख ठेवले.

"हे अप्पा."

"कशावरून?"

"करंगळी बघ की, वाकडी. आणि हे अंगुस्तान. माप घेताना हललं की याच्यानं डोक्यात टक्क मारायचे. ढगळ कोट मागून चिमटीत धरून खुर्चीमागे बसायचे ते. पुढून बघ, कसा फिट्ट! श्वास घेऊ नका म्हणायचा फोटोवाला. म्हणायचा गिऱ्हाइकाला. धरायचे अप्पा."

ती बराच वेळ हसत होती. मग काच मला परत देईना.

घरी येऊन मी चौकटीतल्या फोटोची मूळ काच शोधली. कापलेल्या कडेवर तोच हात आहे. ज्याला हार घालायचा त्याला कापून बाहेर काढले, आणि आत राहिलेल्या पाहुण्याला आम्ही दर वर्षी जेवू घातले.

या वर्षीच्या महालयाला मी काकांना हे सांगितले. ते पान वाढत होते.

"इतकी वर्षं जेवलाय तो आपल्याकडे," काका म्हणाले. "आता पानावरून उठवू त्याला?"

"उठवू नका. शेजारी आणखी एक पान मांडा."

"आणि फोटोखाली लिहू काय? हात?"

"हो."

"रूपा, समाजाच्या स्मरणिकेत पूर्ण पान घेतलंय मी. मूळपुरुष म्हणून हात छापू? लोक हसतील."

आतून तुंगक्का ओरडली, "सत्या, पायस निवतंय रे! दोघांना वाढ आणि भांडा मग."

काकांनी दुसरे पान मांडले नाही. पाहुण्याला उठवू नये, हे त्यांचे म्हणणे मला पटते, हेही इथे नोंदवते. पण त्याच आठवड्यात त्यांनी त्या फोटोला मोबाइलच्या ॲपमध्ये घालून हसायला लावले. आमच्याशी काही नाते नसलेला एक माणूस घरच्या ग्रुपवर पापण्या मिटवून हसला, आणि सगळ्यांनी त्याला हात जोडले. आता स्मरणिकेसाठी त्यांना सगळा डबा हवा आहे. प्रत्येक चेहऱ्याला ते नाव देतील, प्रत्येक फोटो चौकोनी कापून प्लॅस्टिकमध्ये घालतील. उमाजी फक्त कडांवर आहेत. कडा गेल्या की ते गेले.

कलम ३. फोटो ज्याच्याकडे असतील त्याने पुढील गोष्टी पाळाव्यात. लॅमिनेशन करू नये. बॉलपेन लावू नये. मागच्या बाजूला, कडेशी, मऊ पेन्सिलीने लिहावे. नाव कोणी सांगितले तेही नावापुढे लिहावे. नुसत्या कपड्यांवरून, नाकावरून किंवा इच्छेवरून नाव देऊ नये. "माहीत नाही" हेही उत्तर आहे आणि ते खोडू नये. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नये, काचेसकट त्याची प्रत काढावी. डबा माळ्यावर किंवा न्हाणीच्या भिंतीला लागून ठेवू नये. प्रत काढताना कडेपर्यंत काढावी, आणि कडेच्या बाहेरही थोडी.

कलम ४. स्कॅनर, उजेडाचे टेबल, भिंग, हातमोजे आणि आम्ल नसलेल्या कागदाची पाकिटे अक्षराला. ऑफिसमधल्या माझ्या टेबलावरचे रोपटे जो पाणी घालतो त्याला. तो कोण हे मला माहीत नाही.

कलम ५. उमाजींची कात्री सत्यनारायणकाकांकडे आहे, ती त्यांच्याकडेच राहावी. तिने फक्त कापड कापावे. अंगुस्तान तुंगक्काच्या विड्याच्या पानांच्या डब्यात आहे. ते दर महालयाला पाटावर ठेवावे आणि पाहुण्याशेजारी एक पान वाढावे. पाहुण्याच्या चौकटीला हात लावू नये. तो निमंत्रणाशिवाय आला नव्हता.

कलम ६. माझा फोटो लावायचाच झाला तर न कापता लावावा. ऑफिसच्या ओळखपत्रावरचा नको.

कलम ७. हे कलम जितेंद्र पिसे यांना मान्य नाही. "मॅडम, मृत्युपत्र माणूस गेल्यावर चालू होतं," ते म्हणाले. "तुम्ही राहिलात तर हा कागद नुसता कागद." तेव्हा हे कलम हुकूम नाही, विनंती आहे.

मी राहिले आणि चेहरे गेले, तरी डबा त्याच दिवशी अक्षराने न्यावा. मग ते काम माझ्या उपयोगाचे नसेल आणि मी त्याच्या उपयोगाची नसेन. बसमध्ये सगळे अनोळखी लोक माझे झाले होते. पुढे आई पलंगाशी बसलेली असेल आणि ती बसमधली कोणी बाई वाटेल, हे होऊ शकते. आईने त्याचे वाईट वाटून घेऊ नये. तिने बोलावे. आवाज ओळखता येतो, चाल ओळखता येते, हात ओळखता येतात, असे डॉक्टर म्हणाले. तुंगक्काने बापाचे तोंड न आठवता बाप ओळखला, हे मी स्वतः पाहिले आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझा आहे, आणि खालील दोघांच्या समोर मी त्यावर सही केली. त्या दोघांनीही माझ्या समोर सह्या केल्या. त्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

सही: रूपश्री वेणुगोपाल वायचळ

साक्षीदार १: मुग्धा रघुनाथ देवधर, सहकारी, बेळ्ळंदूर
साक्षीदार २: रघुनंदन श्रीपादराव महेंद्रकर, शेजारी, बेळ्ळंदूर

स्थळ: बेंगळुरू
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५

अक्षरासाठी, सोबतच्या प्रतीवर:

काका तुझ्याकडे डबा मागतील. रागाने नाही, प्रेमाने मागतील, आणि तुला वडिलांना नाही म्हणावे लागेल. ते तुला जमणार नसेल तर तसे सांग. मी डबा दुसरीकडे ठेवायची सोय करीन आणि तुझ्यावर रागावणार नाही. तुझी करंगळी वाकडी आहे. लहानपणी फोटो काढताना तू ती फ्रॉकमागे लपवायचीस. तुला निवडण्याचे कारण ते नाही. पण शस्त्रक्रियेनंतर भेटायला आलीस तर काही बोलण्याआधी हात पुढे कर.

डबा घेणार की नाही, ते शुक्रवार, ५ डिसेंबरपर्यंत कळव.