पडद्यावरचे दोन उंचवटे

कसबा बावडा, कोल्हापूर
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. क्रांती,

पप्पांचा आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, नळाला पाणी येतंय, आणि तुझ्या आईनं लावलेला कढीपत्ता तिच्या माघारीही तगून आहे. बेंगळुरूत थंडी पडली असेल. जावईबापूंना नमस्कार सांग.

आजकाल पत्र कोण लिहितं, असं म्हणशील. सांगतो. आधी बातम्या ऐक.

तुझा टीव्ही गेम चालू केला! माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला सापडला. अडॅप्टर जळाला होता, तो बदलला. कॅसेट मात्र काही केल्या लागेना. उघडून बघतो तर आतल्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या. तू प्रत्येक वेळी फुंकर मारून कॅसेट घालायचीस ना, त्या थुंकीचा प्रताप. स्पिरिटनं घासून काढल्या आणि तो रणगाड्यांचा गेम पडद्यावर आला. एकट्यानं खेळून बघितला. आपला किल्ला राखायला दुसरं कुणी नसलं की फार लवकर हरतो माणूस.

तो गेम सुरू होताना धून वाजायची, आठवते? ती कानावर पडली की तू दप्तर दारातच टाकून पळत यायचीस आणि तुझी आई ओरडायची. म्हटलं, ही धून तुझ्या वाढदिवसाला पाठवावी, आणि तीसुद्धा तुझ्याच कॅल्क्युलेटरवर वाजवून. अमेरिकेत शिकताना घेतलेला तो ग्राफवाला, जो तू इथं कपाटात टाकून गेलीस. त्याला स्पीकर नसतो. पण दुसऱ्या कॅल्क्युलेटरला जोडायला एक भोक असतं. तिथली तार प्रोग्रामनं भराभर चालू-बंद केली की सूर निघतो. जितकं भराभर, तितका वरचा सूर. ती तार मी माझ्या जुन्या अँप्लिफायरला जोडली.

धून जमली, पण शेवटचे वरचे सूर वाजेनात.

आता मला तू ओळखतेस. अर्ध्या कोल्हापुरातल्या तालमींच्या मंडळांना मी गणपतीत डॉल्बी उभे करून दिलेत, आणि एवढासा कॅल्क्युलेटर मला दाद देईना? मी इरेला पेटलो. कपॅसिटर बदलले, स्पीकर बदलला, सगळे सोल्डरचे टाके उकलून परत डाग दिले. शेवटी वरचा एकच सूर सतत वाजत राहील असा प्रोग्राम लावला आणि दोष कुठं आहे ते शोधत बसलो. सकाळ अशीच गेली.

दुपारी शेजारच्या धोंडुबाई थेट घरात आल्या. दार वाजवलं असणार, मला कळलं नाही.

"अवो जोतीरामभाऊ, काय चालवलंय काय तुमी? सकाळधरनं शिट्टी वाजायला लागलीया! आमच्या कुत्र्यानं गल्ली डोक्यावर घेतलीया!"

"कुठली शिट्टी?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, स्पीकरकडं बघितलं, आणि जाऊन बटण बंद केलं. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमास्नी ऐकाय येत न्हाय व्हय?"

"येतंय की! न येऊन कुठं जाईल?"

"मग मी आत्ता तिकडं तोंड करून काय म्हटलं, सांगा बघू."

त्या काही म्हणाल्या होत्या, हेच मला ठाऊक नव्हतं. अँप्लिफायर पहिल्यापासून चांगला होता, पोरी. मी धडधाकट मशीन खोलत बसलो होतो.

शाहूपुरीतल्या कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. धोंडुबाई सोबत आल्या आणि दवाखान्यात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यांनीच माझी हकिकत सांगितली. डॉक्टर म्हणाले, आधी वरचे सूर जातात, मग बायकापोरांचे आवाज. इतकी वर्षं डॉल्बीच्या तोंडाशी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? तू शाळेत असताना हेच सांगायचीस. तेव्हा तुला गप्प बसवायचो.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे पत्र आहे.

वर्षभर तुझा फोन आला की मला आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. गुळाच्या ढेपेसारखे सगळे एकमेकांना चिकटलेले. मी आपलं "बरं बरं", "हो हो", "रेंज नाही गं" असं म्हणून वेळ मारून न्यायचो. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला कंटाळा आलाय. तसं नाही गं. रविवारी फोन वाजायच्या आधीच मी आवरून खुर्चीत बसलेला असायचो.

दिवाळीच्या पाडव्याला तू बराच वेळ बोललीस. मध्येच थांबलीस. मला वाटलं, संपलं. मी "बरं बरं, ठेवतो" म्हणालो आणि ठेवला. मग तुझा मेसेज आला: 'एवढं सगळं सांगितलं आणि तुम्ही बरं म्हणून फोन ठेवलात. ठीक आहे.' क्रांती, तू काय सांगितलंस ते मला माहीत नाही. सुखाचं होतं की दुःखाचं, एवढंसुद्धा माहीत नाही. त्या दिवसापासून घास गोड लागत नाही.

त्यानंतर तुझा एक व्हॉइस मेसेज आला. धोंडुबाईंना ऐकवून विचारता आलं असतं, पण आपल्या घरातलं त्यांच्या कानावर कशाला? मग मी फोनची तार एका छोट्या सर्किटमधून कॅल्क्युलेटरला जोडली. आवाजाची रेघ पडद्यावर उमटते. तुझे जुने मेसेज आधी लावून बघितले. त्यातून शब्द वाचता येत नाहीत, पण एक ओळखायला शिकलो. 'पप्पा' म्हटलं की दोन उंचवटे येतात, आणि दोन्हींच्या मध्ये क्षणभर रेघ सपाट होते. तुझ्या प्रत्येक जुन्या मेसेजच्या सुरुवातीला ते आहेत.

या नव्या मेसेजमध्ये नाहीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा बघितलं. कुठंच नाहीत.

फोनवर टाइप करायला बसलो तर 'मला ऐकू येत नाही' एवढंच लिहून व्हायचं. ते वाचून तू रात्रीच्या गाडीनं निघाली असतीस, आणि दयेपोटी आलेली लेक मला नको होती. म्हणून हे सगळं सविस्तर. कानाचं मशीन सांगून ठेवलंय, यायला वेळ आहे. तोवर पाडव्याला जे सांगितलंस ते मला लिहून पाठव. रागाचं असलं तरी पाठव.

आणि राग निवळला असेल तर एक छोटा व्हॉइस मेसेज कर. बाकी काही नको, नुसती हाक मार. ऐकू येणार नाही, पण दिसेल.

पडद्याकडं डोळे लावून बसलेला,
तुझा पप्पा